देवघरात पाऊल टाकवत नाही, हे थेरपिस्टला सांगायचं का?

एका वाचकाच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा: ‘वय ४४, खासगी कंपनीत नोकरी. दीड वर्षापूर्वी धाकटा भाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला. आमच्या घरात तीन पिढ्यांची दत्ताची उपासना. दर दत्तजयंतीला मी सप्ताहाला बसून पोथीचं पारायण करायचो. त्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी अचानक बाहेरगावी जावं लागलं आणि पारायण तिसऱ्या दिवशी मोडलं. दोन महिन्यांनी भाऊ गेला. तेव्हापासून देवघरात पाऊल टाकवत नाही. दिवा माझा अकरा वर्षांचा मुलगा लावतो. आई म्हणते, देवाची इच्छा. झोप लागत नव्हती म्हणून एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. झोप सुधारली, पण देवाचा विषय काढला की त्या म्हणतात, आपण वर्तमानावर लक्ष देऊ या. थेरपीत श्रद्धेचं बोलायचं नसतं का? देव मानणारा थेरपिस्ट शोधू का? आणि सगळे म्हणतात दुःखात अर्थ शोध. तो शोधतात कसा?’

बोलायचं असतं. झोप, भूक, नोकरी, घरातली भांडणं हे थेरपीचे विषय आणि देव तेवढा खासगी, अशी वाटणी होत नाही. तुमच्या बाबतीत तर नाहीच, कारण तुमचं दुःख देवघराच्या उंबऱ्यावरच अडलंय. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. पहिल्या एक-दोन भेटींत मी प्रत्येकाला विचारते, ‘अवघड दिवसांत कशाचा आधार वाटतो?’ कुणी बायकोचं नाव घेतं, कुणी स्वामींचं, कुणी सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपचं. मग विचारते, ‘तो आधार अजून आहे का?’ खरी गोष्ट बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर बाहेर येते. अमेरिकेतल्या डॉक्टर क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये डॉक्टरांसाठी अशीच एक छोटी चौकशी तयार केली. श्रद्धा कोणती, तिचं आयुष्यात वजन किती, त्या वाटेवर सोबत कोण आणि उपचारात आम्ही तिचं काय करावं असं तुम्हाला वाटतं, एवढंच त्यात विचारायचं. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. किती बोलायचं हे त्यात रुग्ण ठरवतो.

तुमच्या समुपदेशक बाईंच्या बाजूनं एक सांगते. माणूस रात्र-रात्र जागा असताना आधी झोप धरणं बरोबरच असतं. देव, नशीब, मृत्यू असे विषय थकलेल्या मेंदूनं चघळले की ते विचार राहत नाहीत, नुसती घरघर होते. पण आता झोप लागतेय आणि तरीही विषय टळतोय, तर त्याचं कारण बहुधा तुमच्यात नाही.

आमच्या व्यवसायाला देवाचं जरा वावडं आहे, आणि ते घराण्यातूनच आलंय. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईड. त्यानं १९०७ साली धार्मिक विधी आणि मंत्रचळी माणसाच्या, म्हणजे एकच गोष्ट पुन्हापुन्हा करत राहणाऱ्याच्या, कृती शेजारीशेजारी ठेवून दाखवल्या. १९२७ साली धर्म हा माणसाच्या इच्छेतून उपजलेला भ्रम आहे असं त्यानं लिहिलं. (गंमत अशी की १९३१ मध्ये त्याच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याच्या मनोविश्लेषक मंडळींनी हस्तिदंताची विष्णूमूर्ती पाठवली, ती त्यानं लिहायच्या टेबलावर ठेवली.) पुढच्या पिढ्या बदलल्या. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९९४ साली ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी वेगळी नोंद आली. तो आजार मानलेला नाही. उपचारात लक्ष द्यावं असा विषय एवढाच तिचा दर्जा. तरी आपल्याकडच्या वर्गांत या विषयावर फारसं शिकवत नाहीत. महाराष्ट्रात त्यात आणखी एक अडचण मिसळते. अंधश्रद्धेविरुद्धची चळवळ, २०१३ साली झालेला डॉ. दाभोलकरांचा खून, त्याच वर्षी आलेला जादूटोणाविरोधी कायदा, हे सगळं आमच्या पिढीच्या डोक्यात ताजं आहे. पोथी-पारायणावर गंभीरपणे बोललो तर आपण अंधश्रद्धेला खतपाणी घालतोय असं चांगल्या समुपदेशकालाही वाटून जातं. कायद्याचा रोख मात्र फसवणूक, अघोरी प्रकार आणि साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देणं अशा गोष्टींवर आहे. शोकात बुडालेल्या माणसाशी त्याच्या देवाबद्दल बोलणं त्यात कुठेही बसत नाही.

आता तुमच्या पत्राकडे येते. त्यात एक वाक्य लिहिलेलं नाही, पण दोन वाक्यांच्या मध्ये ते सरळ दिसतं: पारायण मोडलं, म्हणून भाऊ गेला.

तुम्ही हे कुणाला बोलून दाखवलं असेल तर ‘छे, असं काही नसतं’ हेच उत्तर मिळालं असणार. ते खरं आहे आणि त्याचा उपयोग शून्य. तुम्ही शिकलेले आहात, पारायण आणि अपघात यांचा संबंध लागत नाही हे तुम्हाला इतरांनी सांगायला नको. तरी अपराधाची भावना हटत नाही, कारण ती तुमच्यासाठी काहीतरी करतेय. माझ्या चुकीमुळे तो गेला असं मानलं की जग निदान नियमानं चालतं. चूक झाली, शिक्षा मिळाली. हिशेब क्रूर असेल, पण लागतो. तो हिशेब सोडला तर हातात काय उरतं? एक वळण, एक ट्रक, ओला रस्ता. कारण नसलेला मृत्यू. त्याच्यासमोर उभं राहण्यापेक्षा अपराधी असणं पुष्कळांना सुसह्य वाटतं. अपघातात, अर्भकाच्या अचानक मृत्यूत, आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांत मी हे सतत पाहते, आणि त्यात देव न मानणारेही असतात. ते पारायणाच्या जागी ‘त्या दिवशी मी फोन उचलला असता तर’ ठेवतात.

म्हणून थेरपीत त्या श्रद्धेशी वाद घालत नाहीत, तिच्या आत जाऊन चौकशी करतात. सप्ताह मोडला तर काय होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आजोबांनी? त्यांचा कधी मोडला होता का? घरात सुतक आलं, कुणी आजारी पडलं, तर तेव्हा काय करायचे? बहुतेक घरांत याची सोय असते. दुसरं कुणी पुढे वाचतं, किंवा देवाची क्षमा मागून पुढच्या मुहूर्तावर पुन्हा बसतात. आणि रोजच्या पूजेच्या शेवटी तुम्ही स्वतः इतकी वर्षं काय म्हणत आलात, ते मोठ्यानं म्हणून बघा: ‘मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर’. मंत्र चुकले, क्रिया चुकली, भक्तीही कमी पडली, तरी हे पूर्ण मानून घे. पूजा करणारा चुकणार हे पूजेतच धरलेलं आहे. आजोबांच्या पिढीचा देव ही चूक पोटात घालत होता. मग तुमच्या मनात बसलेला, वहीत हिशेब मांडणारा हा देव कुठून आला? माझा अनुभव असा की तो पुष्कळदा पोथीतून येत नाही. तो आपल्याच कुणा कडक वडीलधाऱ्याच्या चेहऱ्याचा असतो. तुमच्या बाबतीत तसं आहे का, ते मला ठाऊक असायचं कारण नाही. शोधायची जागा तेवढी दाखवते.

इथे एक सावधगिरी. थेरपिस्टनं गुरुजी व्हायचं नाही. ‘शास्त्रात असं नाही हो’ असा निवाडा देणं माझं काम नाही, आणि मी दिलेला निवाडा टिकणारही नाही. तुमच्या घराण्याचे गुरुजी किंवा उपासनेतलं कुणी जाणतं माणूस असेल तर त्यांनाच विचारायला मी सुचवीन, आणि ते काय म्हणाले हे पुढच्या भेटीत ऐकीन. मंत्रचळाच्या रुग्णांत, म्हणजे ज्यांना आपण आता सर्रास ओसीडी म्हणतो त्यांच्यात, हीच गोष्ट उलटी पडते. पूजा नीट झाली का, मनात घाण विचार आला का, पुन्हा आंघोळ करू का, असं दिवसभर चालतं. क्षमा मागून दोन मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा मागावी लागते. तिथे गुरुजींचं आश्वासनही आजाराचंच खाद्य होतं. फरक ओळखायला सोपा आहे. भक्ताचा विधी कधीतरी संपतो आणि संपल्यावर तो उठून चहा घेतो. आजाऱ्याचा विधी संपत नाही. त्याच्या आसपासचे श्रद्धाळू लोकच म्हणायला लागतात की हे जरा जास्त होतंय. त्यावर वेगळे, चांगले उपचार आहेत. तुमच्या पत्रात मला ते दिसत नाही.

मला त्यात राग दिसतो. तुम्ही ‘पाऊल टाकवत नाही’ असं लिहिलंय, ‘रागावलोय’ असं लिहिलेलं नाही. कदाचित तुमच्या उपासनेत देवावर रागावायची सोय नसेल. दत्तसंप्रदायात सोवळं, नियम, गुरूची आज्ञा यांचं वजन जास्त. शेजारच्या वारकरी अंगणात चित्र फार निराळं आहे. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. नामदेव म्हणतो, पतितपावन म्हणून तुझं नाव ऐकून दाराशी आलो होतो, तू तसा नाहीस, परत चाललो. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेला तुकाराम तर ‘माझे लेखीं देव मेला’ इथपर्यंत जातो, आणि त्याची गणना तरीही भक्तांतच होते. तुम्ही वारकरी व्हा असं मी म्हणत नाहीये. मराठी भक्तीत भांडणाला जागा आहे, एवढीच माहिती देतेय. ती पुष्कळ सश्रद्ध माणसांना नसते.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युली एक्सलाईन यांनी देवावरच्या रागाचाच अभ्यास केला आहे. हा राग पुष्कळांना येतो, आणि त्याच मनात देवाबद्दलचं प्रेमही शाबूत असतं, असं त्यांना दिसलं. तिथलेच मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटात श्रद्धा कशी वापरली जाते याची दोन वळणं सांगितली. एका वळणावर देव सोबत असतो. दुसऱ्या वळणावर देवानं टाकलं, देव शिक्षा करतोय, हे सैतानाचं काम आहे असं वाटत राहतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या ५९६ आजारी माणसांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ‘देवानं मला टाकलं’, ‘त्याचं माझ्यावर प्रेम नाही’ असल्या भावनांशी झगडणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण १९ ते २८ टक्क्यांनी जास्त आढळलं. घाबरू नका. ते रुग्णालयातले वयस्क रुग्ण होते, बहुतेक ख्रिस्ती, आणि आकडे गटाचे असतात. मी हे सांगतेय ते तुमच्या समुपदेशक बाईंसाठी. श्रद्धेतली ओढाताण ही झोप-भूक यांच्यासारखीच आरोग्याची बाब आहे, ती पुढच्या भेटीवर ढकलत राहायची गोष्ट नाही.

प्रत्यक्षात काय करतात? कधी समोर रिकामी खुर्ची ठेवून तिच्याशी बोलायला सांगतात. कधी पत्र लिहून घेतात, देवाला. तुमच्यासारखे शिस्तीत वाढलेले पुरुष पहिलं पत्र फार आदरानं लिहितात, ‘आपल्या चरणी विनंती’ वगैरे. दुसऱ्या-तिसऱ्या पत्रात ‘आपण’चं ‘तू’ होतं, आणि मग काम सुरू होतं. रागाखाली बऱ्याचदा नुसता शोक सापडतो, भावाची आठवण, जी दीड वर्ष देवाच्या आणि पारायणाच्या हिशेबाखाली दबून राहिलेली असते. त्या हिशेबामुळे भावासाठी रडायचंच राहून गेलंय, असं माणसाच्या लक्षात येतं तो दिवस थेरपीतला मोठा दिवस. अर्थात काहींना पत्र-बित्र नाटकी वाटतं, त्यांनी लिहू नये. नुसतं बोललं तरी चालतं.

आता अर्थाचं. या बाबतीत माझं मत जरा तिखट आहे. शोकाच्या घरात सगळ्यात स्वस्त मिळणारी वस्तू म्हणजे अर्थ. ‘त्याची तेवढीच वेळ होती.’ ‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात.’ ‘प्रारब्ध आहे, भोगूनच संपवायचं.’ बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो; समोरचं दुःख त्याला पाहवत नाही, म्हणून तो त्यावर झाकण ठेवतो. यातली काही वाक्यं तर ऐकणाऱ्यानुसार जखम करतात. ज्या घरानं १९५६ नंतर बुद्धाचा धम्म स्वीकारला त्या घरातल्या बाईला ‘मागच्या जन्मीचं कर्म’ म्हणून सांत्वन करणारा थेरपिस्ट तिला तिच्या आज्या-पणज्यांना सांगितलं गेलेलं तेच पुन्हा सांगत असतो. तुमच्या आईचं ‘देवाची इच्छा’ मात्र वेगळ्या जातीचं आहे. ते ती तुम्हाला सांगत नसून स्वतःला सांगतेय. त्या वाक्याला धरून ती सकाळी उठते. ते तिच्याकडून काढून घेऊ नका, आणि स्वतःवर ओढूनही घेऊ नका. एकाच मृत्यूचे एकाच घरात दोन अर्थ नांदू शकतात. त्यासाठी कधीकधी एखादी भेट आईसोबत घेतलेली बरी पडते.

अर्थाचा विषय निघाला की व्हिक्टर फ्रँकलचं नाव येतंच. व्हिएन्नाचा हा मानसोपचारतज्ज्ञ १९४२ ते १९४५ नाझींच्या छळछावण्यांत होता, त्यात ऑशविट्झही आली. आई, वडील, भाऊ, बायको, सगळे छावण्यांत गेले. माणसाला सुखापेक्षा अर्थाची भूक मोठी असते, आणि तो अर्थ कामातून, प्रेमातून किंवा टाळता न येणाऱ्या दुःखाला आपण कसे सामोरे जातो त्यातून मिळतो, असं त्याचं म्हणणं. ते लोकांपर्यंत आलं ते घोषवाक्य होऊन. फ्रँकलचं एक उदाहरण मात्र मला कायम उपयोगी पडतं. बायको जाऊन दोन वर्षं झालेला एक वृद्ध डॉक्टर त्याच्याकडे आला. फ्रँकलनं त्याला उपदेश केला नाही, आधी एवढंच विचारलं की तुम्ही आधी गेला असतात तर? तिला फार सोसावं लागलं असतं, म्हातारा म्हणाला. म्हणजे ते सोसणं तिचं वाचलं, आता ते तुम्ही करताय, असं मग फ्रँकल म्हणाला. अर्थ म्हाताऱ्याच्याच उत्तरातून निघाला, म्हणून टिकला. तेच वाक्य शेजाऱ्यानं दहाव्याला येऊन ऐकवलं असतं तर त्यानं त्याला बाहेर काढलं असतं.

आपल्याकडे ‘श्रीकृष्ण हा पहिला समुपदेशक’ असं म्हणायची पद्धत आहे. या उपमेचा मला थोडा कंटाळा आहे, कारण ती वापरणाऱ्यांना अठरा अध्याय बोलायचं असतं. पहिला अध्याय कुणी बघत नाही. त्यात अर्जुन कोसळेपर्यंत बोलतो आणि कृष्णाच्या तोंडी ‘हे जमलेले कौरव बघ’ एवढा तुकडा आहे, बाकी तो ऐकतो. उपदेश नंतरचा. आणि विश्वरूप दाखवण्याची सोय आमच्यापैकी कुणाकडेच नसल्यामुळे आम्ही पहिल्या अध्यायातच जास्त रमलेलं बरं.

दुसरं, अर्थ शोधलाच पाहिजे अशी सक्ती नाही. डेव्हिस, वॉर्टमन, लेहमन आणि सिल्व्हर या संशोधकांनी २००० साली नेमका हाच प्रश्न तपासला. अर्भकं अचानक दगावलेले आईबाप, आणि रस्त्यावरच्या अपघातात जोडीदार किंवा मूल गेलेले लोक, म्हणजे तुमच्यासारखेच. त्यांतल्या बऱ्याच जणांनी अर्थ शोधलाच नव्हता, आणि ते बऱ्यापैकी सावरलेले होते. शोधून ज्यांना सापडला त्यांनाही शोध थांबवता आला असं नव्हतं. सगळ्यात हाल होते ते शोधत राहून न सापडलेल्यांचे. म्हणून मी कुणालाही ‘अर्थ शोधा’ असा गृहपाठ देत नाही. जो आधीच शोधतोय त्याला सोबत करते. तुम्ही शोधताय, हे उघड आहे. पण तुम्ही बहुधा ‘का’चं उत्तर शोधताय, आणि ते कदाचित कधीच मिळणार नाही. क्रिस्टल पार्क या संशोधिकेची मांडणी इथे कामाला येते. आपल्या मनात जगाचं एक मोठं चित्र असतं: भलं करणाऱ्याचं भलं होतं, उपासना राखते, वगैरे. एखादी घटना त्या चित्रात बसत नाही. मग एक तर आपण घटना मोडून-वाकवून चित्रात बसवतो, तुम्ही स्वतःला दोषी ठरवून तेच केलंय; किंवा हळूहळू चित्र बदलतं. ‘उपासना अपघातापासून राखते’ हे जाऊन तिथे दुसरं काही येतं. काय येतं, ते माणसागणिक वेगळं. काहींचा देव पुन्हा येतो, पण कमी बलवान आणि जास्त जवळचा. काहींचा येत नाही, आणि तेही शांत जगतात. दोन्ही मी पाहिलंय आणि दोन्हीला मी बरं होणंच म्हणते.

शिवाय अर्थ पुष्कळदा विचारातून येत नाही, हातातून येतो. आपल्या दहाव्याच्या विधीकडे बघा. पिंडाला कावळा शिवेना की नदीकाठी उभी असलेली माणसं एकमेकांत बोलायला लागतात. कशात जीव अडकलाय? मग कुणीतरी पुढे होतं, ‘तुझ्या पोरीच्या शिक्षणाचं आम्ही बघू’ म्हणतं. कावळ्याचं तुम्ही काहीही माना. गेलेल्या माणसाचं काय अर्धवट राहिलं आणि ते कोण उचलणार, याची चर्चा चारचौघांत घडवून आणणारी इतकी नेमकी जागा मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडली नाही. पूर्वी आमच्या व्यवसायात ‘गेलेल्या माणसातून मन काढून घेणं’ म्हणजे शोक संपणं असं शिकवत. १९९६ नंतर क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या संशोधकांच्या कामामुळे हे बदललं. नातं तुटत नाही, रूप बदलून चालू राहतं, असं आता मानतात. भावाचं काय अर्धवट राहिलंय, हा प्रश्न ‘तो का गेला’ या प्रश्नापेक्षा तुम्हाला जास्त पुढे नेईल असं मला वाटतं.

थेरपिस्ट देव मानणारा हवा का? नको, तशी गरज नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस पक्का नास्तिक. महाराष्ट्रात किशोर फडक्यांमुळे त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती घरोघरी पोचली. १९८० मध्ये त्याचा आणि धर्मनिष्ठ मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बर्गिन यांचा याच विषयावर जाहीर वाद झाला. पुढे २००० साली एलिसनंच लिहिलं की कट्टर भाविकांवरही ही पद्धत चालते. अडचण श्रद्धेत नसून ‘असंच व्हायला पाहिजे’ या हट्टात आहे. उलट श्रद्धाळू थेरपिस्टचा एक धोका असतो. तो तुमच्या रागाला घाबरू शकतो आणि तुम्हाला लवकर देवघरात परत नेण्याची घाई करू शकतो. आणखी एक धोका आपल्या मातीतला. जसवंत सिंग नेकी या मानसोपचारतज्ज्ञानं १९७३ साली गुरू-शिष्य नात्याकडे उपचाराचा नमुना म्हणून पाहता येईल असं मांडलं. भारतीय रुग्ण थेरपिस्टकडे सल्ला देणारा वडीलधारा म्हणूनच येतो, हे त्यातलं निरीक्षण खरं आहे. पण काही थेरपिस्टना ती खुर्ची फार आवडते. कुणी तुम्हाला जप नेमून देत असेल, आपल्या महाराजांकडे पाठवत असेल, किंवा तुमचा देव सोडवायला निघाला असेल, तर तिथून उठा. देव न मानणाऱ्या घरांतही हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. देहदान झालं, विधी नाहीत, तेरा दिवस माणसं येऊन बसली नाहीत, आणि मग मुलगा विचारतो की आम्ही रडायचं कधी. त्यालाही थट्टा न करणारा थेरपिस्टच लागतो.

तुमच्या मुलाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. अकरा वर्षांच्या मुलानं घरात काय पाहिलं? बाबांनी पोथी सोडली, काका गेला, बाबा देवापासून लांब गेले, दिवा माझ्याकडे आला. तुम्ही त्याला काही सांगितलं नसलं तरी यातून तो काय जुळवत असेल? एखाद्या संध्याकाळी दिवा लावायचा राहिला तर आता कोण मरेल, असा विचार या वयाची मुलं करतात आणि बोलून दाखवत नाहीत. त्याच्याशी बोला. काका अपघातात गेला, पोथीचा त्याच्याशी संबंध नाही, मी देवावर रागावलोय आणि ते माझं आणि देवाचं आहे, दिवा तुला लावावासा वाटला तर लाव, राहिला तर काही होत नाही. हे त्याला सांगताना स्वतःच्याही कानावर पडेल, तो वरचा फायदा.

पुढच्या भेटीत समुपदेशक बाईंना सरळ सांगा: ‘पारायण मोडलं म्हणून भाऊ गेला असं मला आतून वाटतं, आणि मला त्यावर बोलायचंय.’ नुसतं ‘देवाबद्दल बोलायचंय’ म्हटलं की समोरच्याला तत्त्वज्ञानाची चर्चा वाटते. पारायणाचं हे वाक्य मात्र टाळता येत नाही. त्यांनी ऐकलं तर त्यांच्याकडेच राहा. झोपेवर त्यांनी चांगलं काम केलेलं आहे, आणि विश्वासाचं माणूस पुन्हा शोधणं सोपं नसतं. तरीही विषय टळला तर बदला, त्यात कृतघ्नपणा नाही. नवं माणूस बघताना शिक्षण आणि नोंदणी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. वर्षश्राद्ध, दत्तजयंती अशा तारखांच्या आसपास भेट आधीच ठरवून ठेवा. शोक त्या दिवसांत उसळी मारतो.

काही खुणा दिसल्या तर मात्र नुसतं समुपदेशन पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं लागेल. वर्ष उलटूनही दिवसातला बहुतेक वेळ गेलेल्या माणसाच्या ओढीत जाणं आणि कामधाम ठप्प होणं, याला आता दीर्घ शोकविकार असं वेगळं निदान आहे. आपण महापापी आहोत ही खात्री, देव थेट आज्ञा देतोय असं ऐकू येणं, उपासाच्या नावाखाली खाणंच सुटणं, हीही तशीच लक्षणं. श्रद्धा असणं किंवा ती मोडणं हा मात्र आजार नव्हे. समाजाच्या धार्मिक समजुतींशी पटत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आहे. आणि ‘त्याच्या जागी मी जायला हवं होतं’ हा विचार ‘मी जातो’ इकडे वळला, तर भेटीच्या दिवसाची वाट बघू नका. घरातल्या एका माणसाला त्याच क्षणी सांगा आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.